पणजोबा कुठल्या बोटीवर होते ते शोधायचं कसं

गोव्यात बार्देस काय नि सासष्टी काय, जुन्या घरात एक तरी तारवटी (म्हणजे बोटीवर काम करणारा) होऊन गेलेला असतोच, आणि त्याच्या बोटीची एक गोष्ट असते जी दर पिढीत थोडी फुगते. आमच्या शेजारच्या आजीकडे पण आहे. तिचा आजोबा म्हणे पी अँड ओ ह्या ब्रिटिश बोट कंपनीच्या 'पर्शिया'वर स्टुअर्ड, पहिल्या महायुद्धात बोट धुक्यात बुडाली, पोटात सोनं होतं, आजोबा परत आलाच नाही. तिचा नातू मला म्हणाला जरा नेटवर बघ ना, आणि मी त्यात दोन महिने अडकलो.

पहिलं म्हणजे गोष्ट नीट ऐकून घ्या पण बोटीच्या नावावर विश्वास ठेवू नका. कंपनी, साल आणि बोट बुडाली कशी, हे तीन वेगळे कागदावर लिहा. कारण पी अँड ओने १८९६ ते १९०० च्या दरम्यान एकाच घाटाच्या पाच बोटी पाण्यात सोडल्या, इंडिया, चायना, इजिप्त, अरेबिया आणि पर्शिया, प्रत्येक साधारण ८ हजार टनांची (हे टन वजनाचे नव्हेत हां, आतल्या जागेचे, १०० घनफूट म्हणजे १ टन). फोटोत तर सख्ख्या बहिणी, त्यामुळे भिंतीवरचा फोटो पुरावा म्हणून चालत नाही.

आता ह्या पाचांचं काय झालं ते बघा. इंडिया १९१५ मध्ये नॉर्वेजवळ टॉर्पेडोने गेली, अरेबिया १९१६ मध्ये भूमध्य समुद्रात तशीच. पर्शिया लंडनहून मुंबईला येत असताना ३० डिसेंबर १९१५ ला, क्रीटच्या दक्षिणेला, दुपारी लोक जेवायला बसलेले आणि यू-३८ ह्या जर्मन पाणबुडीने काही इशारा न देता टॉर्पेडो मारला, बोट दहा मिनिटांच्या आत खाली, ५१९ पैकी ३४३ माणसं गेली. धुकं नाही. सोनं म्हणाल तर त्यावर एका महाराजाचं सोनं नि दागिने होते असं सांगतात. धुकं आणि सोनं दोन्ही आहे ते 'इजिप्त'कडे! २० मे १९२२, फ्रान्सच्या किनाऱ्यापासून जवळ, दाट धुक्यात 'सेन' नावाची फ्रेंच बोट येऊन आदळली आणि वीसेक मिनिटांत ऐंशीहून जास्त लोक बुडाले. पोटात दहा लाख पौंडांच्या वर सोनं-चांदी होती, ती इटालियन डायव्हर लोकांनी १९३२ पासून वर काढली. त्या वेळच्या विलायती पेपरांत खापर आपल्या खलाशांवर फोडलं गेलं, पण चौकशीत लायसन्स सस्पेंड झालं ते कॅप्टनचं. चायना तेवढी धडपणी भंगारात गेली.

म्हणजे आजीच्या गोष्टीत दोन बोटी मिसळलेल्या. मग ठरवायचं कसं? इगर्जीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये. समुद्रात गेलेल्या माणसाची पुरल्याची नोंद सापडत नाही म्हणून लोक हात टेकतात, तसं करू नका, त्याच्या पोरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी बघा. आजीच्या धाकट्या काकाची १९१९ ची सापडली. १९१५ मध्ये बुडालेल्या माणसाला १९१९ मध्ये पोर होत नाही, विषय संपला. नोंदी पोर्तुगीजमध्ये असतात पण नमुना एकच, दोन वाचल्या की तिसरी आपोआप लागते.

साल कळलं की बोटीचा ऑफिशियल नंबर शोधा. ब्रिटिश रजिस्टरवरच्या प्रत्येक बोटीला तो असतो आणि नाव बदललं तरी नंबर तोच राहतो, एकाच नावाच्या बोटी ढीगभर असल्यामुळे नंबराशिवाय पुढे जाऊच नका. पी अँड ओ हेरिटेजच्या साइटवर एकेका बोटीची माहितीपत्रकं फुकट मिळतात. १९१५ सालच्या क्रू लिस्ट लंडनला ग्रीनिचच्या सागरी म्युझियमने ऑनलाइन टाकल्यात, पण बाकीच्या सालांच्या बऱ्याचशा कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत आहेत, तिथे ईमेल करून मागाव्या लागतात. लढाईत गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी बघा, १९२२ ची बोट अर्थातच त्यात नाही, तिथे वेळ घालवू नका (मी घातला).

नावाचं स्पेलिंग हा खरा वैताग. सौझा, डिसोझा, दे सौझा सगळं एकच माणूस असू शकतो, साहेबाने कानाला आलं तसं लिहिलंय. म्हणून नावापेक्षा वय, हुद्दा आणि जन्मगावापुढचं 'गोवा' ह्यावर शोधा. नाहीच जमलं तर मुंबईत धोबीतलावला आपल्या गावची कूड (गाववाल्यांची राहायची जागा) असेल तर तिथे जाऊन विचारा, बोट मिळेपर्यंत तारवटी तिथेच राहायचे. आणि घरातल्या जुन्या पेटाऱ्यात 'नली' आहे का ते बघा, म्हणजे खलाशाचं डिस्चार्ज सर्टिफिकेट, ते मिळालं तर वरचं निम्मं काम वाचतं.

आजीला हे सगळं अर्धा तास समजावून सांगितलं, लढाई नाही, पर्शिया नाही, इजिप्त. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, पण सोनं होतं ना?