टॉय हॉलरचं गॅरेज स्वतः सुधारताना: वजन, कड्या, पेट्रोलची वाफ आणि बॅटरी

टॉय हॉलर म्हणजे मागच्या भागात गॅरेज असलेला कॅम्पर ट्रेलर. मागचा दरवाजा खाली पडला की त्याचाच रॅम्प होतो आणि डर्ट बाइक, क्वाड (चार चाकांची मोटरसायकल) किंवा साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायची छोटी ऑफ-रोड गाडी) त्यावरून आत चढते. मुक्कामी पोचून गाड्या बाहेर काढल्या की त्याच जागेत छतालगतचा पलंग खाली उतरतो. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत किंवा युटातल्या मोॲबला जाणाऱ्यांकडे असे ट्रेलर सर्रास दिसतात. अमेरिकेतल्या ज्या मराठी कुटुंबांनी असा ट्रेलर, बहुधा सेकंडहँड, घेतला आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

साध्या कॅम्परमध्ये चालून जाणारे बदल इथे जसेच्या तसे चालत नाहीत. दीड हजार पौंडांचं धूड आणि पेट्रोलने भरलेली टाकी ज्या खोलीतून प्रवास करते, त्याच खोलीत रात्री माणसं झोपतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी वजन करा

मुख्य दरवाजाच्या आतल्या बाजूला पिवळं लेबल असतं. ट्रेलरमध्ये किती सामान भरता येईल याचा आकडा त्यावर असतो, आणि त्यात सगळंच आलं: गाड्या, पाणी, पेट्रोल, भांडीकुंडी आणि तुम्ही बसवाल ती प्रत्येक वस्तू. पाणी गॅलनला ८.३ पौंड भरतं, म्हणजे १०० गॅलनची टाकी ८३० पौंड झाली. गॅरेजखाली ३० गॅलनची इंधनटाकी असेल तर पेट्रोलचे साधारण १८० पौंड. कपाटं आणि जाड फ्लोअरिंग मनात धरण्याआधी ही बेरीज कागदावर मांडा.

मग नेहमीसारखा ट्रेलर भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर न्या. ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांचं वजन वेगवेगळं मिळतं. हिचला, म्हणजे ट्रकच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीला, वजन वाटणारे बार लावले असतील तर या मोजणीपुरते सोडा, नाहीतर आकडा फसवा येतो. नंतर ट्रेलर सोडून, माणसं आणि डिझेल तेवढंच ठेवून, नुसता ट्रक तोला. ट्रेलर जोडलेला असताना ट्रकच्या चाकांवर जेवढं जास्त भरलं, तेवढं हिचवरचं वजन. बॉलवर, म्हणजे हिचच्या लोखंडी गोळ्यावर, जोडायच्या ट्रेलरला हे एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. १०,००० पौंडांच्या ट्रेलरला १,००० ते १,५००.

टॉय हॉलरमध्ये हा आकडा फार हलतो. बॉलपासून ट्रेलरच्या चाकांच्या मध्यापर्यंत १७ फूट अंतर आहे आणि १,६०० पौंडांची साइड-बाय-साइड चाकांच्या ५ फूट मागे उभी आहे असं धरा. १,६०० गुणिले ५ भागिले १७, म्हणजे हिचवरून सुमारे ४७० पौंड उचलले गेले. हिचवर वजन कमी पडलं की ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा लय धरली की ट्रकलाही ओढून नेतो. तीच गाडी २ फूट पुढे घेतली तर १८८ पौंड परत येतात. म्हणून गाडी कुठे उभी राहणार हे आधी ठरवा, खडूने खूण करा आणि मगच बांधायच्या कड्यांना हात घाला.

उलट, रिकामा टॉय हॉलर हिचवर मुळातच जड असतो, कारण मागे वजन येणार हे धरून तो बनवलेला असतो. पुढच्या टोकावर दोन बॅटऱ्या आणि जनरेटर ठेवायचं ठरवलंत तर रिकाम्या ट्रेलरचंही वजन करा आणि ट्रकच्या दारावरच्या स्टिकरवरची क्षमता बघा.

कड्या: सगळ्यात महत्त्वाचं काम

कंपनीने जमिनीत बसवलेल्या कड्या चांगल्या दिसतात, पण त्या कशात बसवल्या आहेत ते खाली वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. काही ट्रेलरमध्ये त्या चासीच्या लोखंडाला बोल्टने धरलेल्या असतात, काहींमध्ये नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रू मारलेला असतो. प्लायवूडमधला स्क्रू धक्क्याधक्क्याने सैल होतो, भोकातून पाणी शिरतं, लाकूड मऊ पडतं आणि एका जोरदार ब्रेकला कडी उपटून हातात येते.

ताणाचा हिशोब असा. जोरात ब्रेक लागला की गाडीच्या वजनाच्या ८० टक्क्यांइतका जोर पुढे येऊ शकतो. १,६०० पौंडांच्या गाडीला तो १,२८० होतो. तिला पुढे जाण्यापासून अडवतात ते मागच्या बाजूला ओढणारे दोन पट्टे, म्हणजे प्रत्येकी ६४०. पट्टा ४५ अंशांत खाली उतरत असेल तर प्रत्यक्ष ताण ९०० पौंडांच्या आसपास जातो. बाजारात मिळणाऱ्या १ इंची रॅचेट पट्ट्याची कामाची क्षमता बरेचदा ५०० पौंडच असते. पाकिटावर ठळक छापलेला १,५०० हा तुटण्याचा आकडा आहे, कामाचा त्याच्या तिसरा हिस्सा. साइड-बाय-साइडला २ इंची, ३,३३३ पौंड क्षमतेचेच पट्टे घ्या. पट्टा, हूक, कडी, बोल्ट यांतला सगळ्यात कच्चा दुवा हीच पूर्ण बांधणीची ताकद.

कडी बसवायची पद्धत:

१. ट्रेलरच्या पोटाखाली पन्हळी प्लास्टिकचं आवरण असेल तर कडीच्या जागेखाली तीन बाजूंनी कापून झडप उघडा. चौथी बाजू तशीच ठेवा, म्हणजे नंतर टेपने बंद करता येते.

२. वर काय आहे ते टॉर्चने नीट बघा. पेट्रोलची टाकी, सांडपाण्याची टाकी, गॅसची नळी, ब्रेकच्या तारा, पाण्याचे पाइप. गॅरेजच्या जमिनीखाली इंधनटाकी अगदी चिकटून असू शकते. खालून खात्री केल्याशिवाय वरून ड्रिल लावायचं नाही. इथे सवलत नाही.

३. चासीच्या आडव्या लोखंडी पट्ट्या शोधून त्यांची जागा वर जमिनीवर आखून घ्या. कडी पट्टीवर आली तर उत्तम. ट्रेलरच्या दोन मुख्य लांब बीमच्या वरच्या-खालच्या पात्यांना मात्र भोक पाडू नका. ट्रेलरचा सगळा भार तिथेच पेलला जातो.

४. आधी १/८ इंची बारीक भोक पाडून ते खाली नेमकं कुठे निघालं ते बघा. मग ३/८ इंची बोल्टसाठी १३/३२ इंचाचं भोक पाडा. भोकात उघड्या पडलेल्या प्लायवूडला आतून इपॉक्सी लावा आणि ते वाळू द्या.

५. आडवी पट्टी सापडली नाही तर खालून पाव इंच जाड, ४ बाय ४ इंचांची लोखंडी प्लेट लावा. नुसता वॉशर ताणाखाली प्लायवूडमध्ये रुतत जातो. बोल्ट ग्रेड ५ चे, नट नायलॉनच्या कड्याचे.

६. कडीखाली पॉलीयुरेथेन सीलंट लावून कसा. प्लायवूड दाबाखाली बसतं, त्यामुळे पहिल्या प्रवासानंतर सगळे नट पुन्हा कसावे लागतात. ही पायरी बहुतेक जण विसरतात.

वेगवेगळ्या गाड्या नेत असाल तर सुट्या कड्यांपेक्षा इंचाइंचावर खाचा असलेला एल-ट्रॅक सोयीचा, पण तोही खालच्या लोखंडाला धरलेला हवा. डर्ट बाइक बांधताना पुढचा फोर्क निम्म्यापर्यंतच दाबा. पूर्ण दाबून तासन्‌तास ठेवला की ऑइल सील गळायला लागतात. साइड-बाय-साइडचे पट्टे शक्यतो चाकांना घाला. बॉडीला बांधलं तर खड्ड्यात सस्पेन्शन दबतं, पट्टा सैल पडतो आणि हूक निसटतो.

पेट्रोलची वाफ

पेट्रोलची वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असते. ती जमिनीलगत साचते आणि छताचा पंखा एकटा तिला हलवू शकत नाही. गॅरेजच्या भिंतीत अगदी खाली जाळ्या असतात त्या याचसाठी. थंडी किंवा धूळ येते म्हणून लोक त्या टेपने बंद करतात किंवा त्यांच्यासमोर कपाट ठोकतात. नवं कपाट आखताना या जाळ्या मोकळ्या राहतील हे पहिल्यांदा बघा. धुळीसाठी हवं तर बाहेरून धुता येणारा फोम लावा, पण हवा जायला हवी.

छतावर १४ बाय १४ इंचांचं चौकोनी तोंड असेल तर तिथे दमदार पंखा बसवता येतो. तो हवा बाहेर फेकेल असा चालवला आणि खालच्या जाळ्या उघड्या असल्या की हवा जमिनीवरून ओढली जाते. जमिनीलगत मात्र साधा पंखा, प्लग पॉइंट, इन्व्हर्टर किंवा चार्जर लावू नका. ठिणगीला तेवढं निमित्त पुरतं. प्रवासात स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर बंद ठेवा, कारण फ्रिज, गीझर आणि हीटरच्या ज्योती त्याच गॅसवर पेटतात.

गाड्या बाहेर काढल्या की रॅम्प आणि खिडक्या उघडून किमान अर्धा तास हवा खेळू द्या आणि वास पूर्ण गेल्याशिवाय पलंग उतरवू नका. गॅरेजच्या झोपायच्या जागेत कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म लावा. अलार्मच्या पाठीवर बदलायची तारीख छापलेली असते. सेकंडहँड ट्रेलरमध्ये ती उलटून गेलेली असण्याची शक्यता भरपूर.

लिथियम बॅटरी

१०० अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे १,२८० वॉट-अवर वीज असते आणि ती जवळजवळ सगळी वापरता येते. तेवढ्याच लेड-ॲसिडची निम्मीच वापरावी. पण १३,५०० बीटीयूचा एसी दीड हजार वॉटपर्यंत खातो, म्हणजे एक बॅटरी तासभरही पुरणार नाही. दिवे, पंखे, फर्नेसचा पंखा, पाण्याचा पंप यांना मात्र मजेत पुरते.

अडचणी ठरलेल्या आहेत. जुना कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा डबा, लेड-ॲसिडसाठी १३.६ व्होल्टच्या आसपास अडकतो. लिथियमला १४.२ ते १४.६ लागतात, त्यामुळे बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. कन्व्हर्टर बदलावाच लागतो. ट्रकच्या सात पिनांच्या प्लगमधून थेट चार्ज करायलाही जाऊ नका. तार बारीक असते आणि लिथियम ओढेल तेवढा करंट ओढते, म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घाला. शून्य अंश सेल्सिअसखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते. डोंगरात थंडीतला मुक्काम असेल तर आत हीटर असलेली घ्या.

२,००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १८५ अँपिअरच्या आसपास खेचतो. त्याला २/० गेजची तांब्याची केबल आणि २५० अँपिअरचा क्लास-टी फ्यूज लावा, फ्यूज बॅटरीपासून फूटभराच्या आत. शॉर्ट झाल्यावर लिथियम एवढा करंट सोडते की साध्या फ्यूजमधली ठिणगी विझत नाही. बॅटरी आणि इन्व्हर्टर पुढच्या कप्प्यात ठेवा, गॅरेजच्या हवेशी जोडलेल्या जागेत नाही.

आणखी एक तार विसरू नका. ट्रेलर हिचवरून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विच याच बॅटरीवर चालतो. नवा मेन स्विच बसवताना त्याची तार स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला, स्वतःच्या फ्यूजसह जोडा. जोडून झाल्यावर ट्रकमधला ट्रेलरचा प्लग काढून आणि मेन स्विच बंद ठेवून ब्रेकअवेची पिन ओढा, ट्रक हळूच पुढे घ्या आणि चाकं धरतात ना ते बघा.

रॅम्प

गाडी चढवताना ट्रेलर ट्रकला जोडलेलाच हवा. सुटा ट्रेलर मागे जड झाला की पुढून उचलला जातो. साइड-बाय-साइडचं पोट रॅम्पच्या बिजागरीवर घासत असेल तर जोडण्याआधीच बॉल माउंट थोडा वरच्या उंचीवर घेऊन बघा. मागची बाजू खाली येते आणि रॅम्प आणि जमीन यांच्यातला कोन कमी होतो. मात्र रस्त्यावर निघण्याआधी ट्रेलर पुन्हा सपाट करा. रॅम्पच्या टोकाखाली ४ ते ६ इंचांचे लाकडी ठोकळे दिले तरी फरक पडतो.

रॅम्प कुजायला सुरुवात होते ती खालच्या कडेपासून. तिथे प्लायवूडची कापलेली धार उघडी असते का ते बोटाने चाचपून बघा, आणि ती कोरडी असताना इपॉक्सीचे दोन हात द्या. रात्री आतून टॉर्च लावून दुसऱ्याला बाहेर उभं केलं की रबरी सील कुठे सुटलं आहे ते उजेडावरून लगेच कळतं. बिजागरीजवळच्या पिळाच्या स्प्रिंगला मात्र हात लावू नका. तिच्यात सतत ताण साठलेला असतो आणि सुटली तर हाडं मोडते. ते काम वर्कशॉपचं.