नवीन आणलेलं सापाचं पिल्लू विचित्र वागतंय? असं समजून घ्या

दिवसभर लपून बसतं, खात नाही, हात जवळ नेला की अंगावर येतं. पिल्लू घरी आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात ही काळजी बहुतेकांना लागते. या तिन्हींच्या मुळाशी बहुधा भीती असते. पण आजारही कधी कधी असाच दिसतो, म्हणून उतावीळ न होता क्रमाने बघत जा.

सर्वात आधी थर्मामीटर बघा. साप आपली ऊब स्वतः तयार करत नाही, त्याचं पचनसुद्धा बाहेरच्या उबेवर चालतं. कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन हे घरी पाळले जाणारे दोन बिनविषारी साप. कॉर्न स्नेकला टाकीच्या एका टोकाला साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस हवं आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २४. बॉल पायथनला उबदार बाजू आणखी दोन-तीन अंशांनी जास्त लागते. हात लावून अंदाज घेऊ नका. पिल्लाचं पोट जिथे टेकतं तिथे मोजा, आणि हीटरला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरलेल्या अंशावर राखणारं उपकरण, लावाच. पिल्लू सारखं पाण्याच्या भांड्यात पडून राहत असेल तर टाकी तापली आहे का ते तपासा. तापमान ठीक असेल तर डोळ्यांभोवती आणि हनुवटीखाली काळे बारीक ठिपके दिसतात का ते बघा. ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त शोषणारे बारीक परजीवी, असतात.

आता आठवडाभर त्याला हातात घेऊ नका. ताजं पाणी द्या, घाण काढा, बस्स. लपायला दोन जागा ठेवा, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. त्या अंगाला चारी बाजूंनी टेकतील इतक्या अरुंद हव्यात. मोठं, ऐसपैस घर पिल्लाला उघड्यावर पडल्यासारखं वाटतं.

ते घाबरलं आहे हे कसं ओळखायचं? कॉर्न स्नेकचं पिल्लू बुटाच्या लेसएवढं बारीक असतं, पण मान मागे आखडून शेपटीचं टोक इतकं थरथरवतं की खालचा कागद खडखड वाजतो. उचललंत तर घाणेरड्या वासाचा द्रव सोडेल. यात राग नाही. साप डूख धरतो असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण या जिवाला फक्त वरून आलेला हात, म्हणजे झडप घालणारा शिकारी, एवढंच कळतं. म्हणून पुढे हाताळायला लागाल तेव्हा हात बाजूने, सावकाश न्या आणि पोटाखालून आधार द्या.

डोळे दुधाळ, निळसर झाले आणि अंग फिकट पडलं, तर ते कात टाकणार आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावरचं पारदर्शक आवरणही कातीबरोबरच निघतं. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे चिडचिड वाढते आणि भूक मरते. डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर काही दिवसांत कात पडते. ती ओढून काढू नका. पडलेली कात उलगडून डोळ्यांच्या दोन्ही गोल चकत्या आल्या का ते मात्र जरूर बघा.

खाणं आठवडा झाल्यावरच द्या. भक्ष्य पिल्लाच्या अंगाच्या सर्वात जाड भागाएवढंच असावं. खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नका. एकदा नाकारलं तर पाच-सात दिवस थांबून पुन्हा द्या, रोज रोज समोर नाचवू नका. खाल्लेलं ओकून टाकलं तर किमान दहा दिवस पोटाला विश्रांती द्या, आणि पुढचं भक्ष्य आणखी लहान निवडा. पुन्हा ओकलं तर डॉक्टरांना दाखवा.

जेवणानंतरची जांभई म्हणजे जबडा जागेवर बसवणं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडाशी फेस किंवा बुडबुडे, श्वासात शिट्टीसारखा आवाज, मान वर वळून तशीच राहणं, पालथं केल्यावर सरळ होता न येणं, यांतलं एक जरी दिसलं तरी वाट बघू नका. बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ या प्रकारात डोकं डुलण्याचा दोष जन्मजात असतो, पण तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. जाताना त्या वागण्याचा व्हिडिओ आणि टाकीचं तापमान, शेवटचं खाणं, शेवटची कात यांच्या तारखा लिहिलेली वही सोबत न्या. डॉक्टर आधी तेच विचारतील.