केबिन बॅग भरायच्या आधी हे समजून घ्या: किलो एअरलाईनचे, आतलं सामान सिक्युरिटीचं

लग्नसराई आणि मुलांच्या सुट्ट्या सुरू झाल्या की इंदूरहून पुण्या-मुंबईला विमानाने जाणारी आपली मंडळी एकदम वाढतात, आणि एअरपोर्टवर हमखास दिसतं की सिक्युरिटीच्या टेबलावर कुणाची तरी बॅग उघडी आहे, तुपाची बरणी, खोबऱ्याच्या वाट्या, तिखटाची पुडी सगळं बाहेर काढलंय, आणि काकू म्हणतायत अहो पण काउंटरवर तर कुणी काहीच बोललं नाही. काउंटरवाले बोलणारच नाहीत, कारण ते त्यांचं काम नाही. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली ना की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

केबिन बॅगेवर दोन वेगळ्या लोकांचे नियम असतात. बॅग केवढी, किती किलोची आणि किती नग, हे बघते एअरलाईन. त्या बॅगेच्या आत काय आहे हे बघते सिक्युरिटी, म्हणजे नियम विमान-सुरक्षा बघणाऱ्या बीसीएएस या सरकारी ब्युरोचे आणि तपासायला समोर बहुतेक ठिकाणी सीआयएसएफचे जवान. एअरलाईनने 7 किलो पास केली म्हणून आतलं तिखट पास होत नाही, आणि सिक्युरिटीतून सुखरूप निघालात म्हणून गेटवर परत वजन होणार नाही असंही नाही. वाद घालायचाच तर निदान योग्य माणसाशी घाला. जवानाला वजनाचं सांगून उपयोग नाही आणि काउंटरवरच्या मुलीला नारळाचं सांगून उपयोग नाही.

आधी किलोचं बघू. देशातल्या देशात इकॉनॉमीचं तिकीट असेल तर साधारण 7 किलोची एक केबिन बॅग आणि 15 किलोचं चेक-इन, म्हणजे काउंटरवर द्यायचं सामान, असं धरून चला, पण धरून चला म्हणजे तिकीट न वाचता चला असं नाही. ई-तिकिटावर केबिन आणि चेक-इन असं वेगवेगळं लिहिलेलं असतं ते बघा, कारण स्वस्तातल्या काही तिकिटांत चेक-इन बॅग मुळीच नसते, फक्त हातातली, आणि हे बुकिंग करणाऱ्या मुलाला माहीत असतं पण प्रवास करणाऱ्या आई-बाबांना नसतं. मुलांनो, तिकीट व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड करताना खाली एक ओळ टाइप करा, आई हातात 7 चेक-इनमध्ये 15. एवढंच. फार मोठं काम होतं त्याने.

माप सेंटीमीटरमध्ये देतात. इंडिगोचं 55 बाय 35 बाय 25 आहे. दुकानात ट्रॉली घेताना मात्र इंचात बोलतात, 20 इंची, 22 इंची, आणि वर केबिन साइज म्हणून स्टिकर लावलेला असतो. त्या स्टिकरवर जाऊ नका, घरातला शिवणकामाचा टेप घ्या आणि बॅग उभी ठेवून जमिनीपासून मोजा, म्हणजे चाकं धरून आणि वरचं हँडल आत ढकलल्यावर जेवढं बाहेर उरतं ते पण धरून. 55 सेंटीमीटर म्हणजे पावणेबावीस इंचाच्या जरा आतच. पुढचा कप्पा ठासून भरला की बॅग फुगते आणि 25 ची जाडी तिथेच जाते, मग मापाच्या लोखंडी चौकटीत घालायला लावतात आणि ती जात नाही.

आता वजन. कडक कवचाची ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे तुमच्याकडे सामानाला उरले चार. साधी कापडी सॅक घेतली तर ती किलोभराच्या आसपास असते आणि सहा किलो सामान बसतं. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला पाठीवर झेपतं त्याने सॅकच घ्यावी, ट्रॉली चेक-इनला द्यावी. ज्यांची पाठ-गुडघे दुखतात त्यांनी ट्रॉलीच घ्या, पण मग काठापदराच्या जड साड्या चेक-इनमध्ये टाका, महेश्वरी हलकी असते ती राहू दे हातात. घरी मोजायला वजनकाटा असेल तर बॅग नुसती काट्यावर ठेवू नका, आकडा नीट दिसत नाही, बॅग हातात घेऊन स्वतः उभे राहा, मग बॅगेशिवाय उभे राहा आणि वजाबाकी करा. हुकाला लटकवायचा छोटा डिजिटल काटा मिळतो तो तर उत्तमच, परतीच्या प्रवासाला खरा उपयोगी पडतो, कारण जाताना आपण मोजतो आणि येताना मावशीने दिलेलं सगळं न मोजता भरतो. जास्त होणार असं वाटलं तर घरूनच ऑनलाइन जादा वजन घेऊन टाका, एअरपोर्टवर तेच महाग पडतं.

पर्स आणि लॅपटॉपची बॅग वेगळी धरतात की नाही यात कंपनी-कंपनीत फरक आहे. इंडिगो 7 किलोच्या बॅगेशिवाय एक पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग 3 किलोपर्यंत चालवते, काही कंपन्या सगळं मिळूनच 7 धरतात. छत्री, अंगावरचा स्वेटर-शाल, आधाराची काठी, घडीची व्हीलचेअर, बाळाचं प्रवासात लागणारं खाणं याला साधारण कुणी अडवत नाही. पण पर्स, वर पिशवी, वर मिठाईचा डबा, वर नमकीनची थैली असं चार हातांनी जाऊ नका. एक हातबॅग आणि एक छोटं असंच धरा आणि मिठाईचा डबा बॅगेच्या आत जाईल इतकी जागा ठेवा.

आता खरा विषय, आत काय चालतं.

आपल्या इंदूरचा एअरपोर्ट बिजासन मातेच्या मंदिराजवळ, त्यामुळे बरेच जण जाता जाता मातेचं दर्शन घेतात आणि प्रसादाचा नारळ तसाच हातातल्या पिशवीत टाकून पुढे येतात. शिवाय माहेरवाशीण निघाली की आई ओटी भरणार, ओटीत नारळ असणारच. अख्खा नारळ केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. शबरीमलाच्या भक्तांना मधे सीझनपुरती सूट दिली होती, तीसुद्धा ठरावीक तारखेपर्यंत आणि त्यांच्या इरुमुडीतल्या, म्हणजे डोक्यावर नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातल्या, नारळासाठी, त्यावरून आपल्याला चालेल असं समजू नका. सुकं खोबरं तर त्याहून कडक आहे, ते हातातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, कारण सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते साठवलेलं असताना आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून जगभरच्या विमान नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. हे आपल्या लोकांना खरंच माहीत नसतं, खोबऱ्याची वाटी म्हणजे आपल्याला किराणा. तर ओटी घरी मनापासून भरा, नारळ देवापुढे ठेवा, आणि मुलीबरोबर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम जाऊ दे. तिकडे पोचल्यावर नारळ कोपऱ्यावर मिळतो. चेक-इनमध्ये अख्खा नारळ टाकायचाच असेल तर आधी त्या एअरलाईनला विचारून घ्या.

पूजेच्या सामानातल्या आणखी दोन वस्तू आहेत ज्या कुठेच चालत नाहीत, कापूर आणि माचिस. सत्यनारायणाला निघालेल्या गुरुजींच्या पिशवीत हे दोन्ही असतंच असतं. लायटर पण नाही, आणि दिवाळीत भाच्यांसाठी घेतलेल्या फुलबाज्या पण नाही, चेक-इनमध्ये लपवून तर मुळीच नाही, स्कॅनरमध्ये दिसतं आणि मग तुम्हाला नावाने परत बोलावतात. सुरी, कात्री, विळीचं पातं, मोठा स्क्रूड्रायव्हर हे चेक-इनमध्ये जाऊ शकतं, हातात नाही. नेलकटरवरून उगाच वाद नको, तोही खाली, म्हणजे चेक-इनमध्येच टाका.

खाण्याचं म्हणाल तर कोरडं सगळं बिनधास्त न्या. शेव, चिवडा, शंकरपाळे, चकल्या, गजक, कोरडी मिठाई, घरचे लाडू. तिखटाला हातात परवानगी नाही, आणि आपल्या जिरावन मसाल्यातही तिखट असतंच, शिवाय पुडीत नेमकं काय आहे हे जवानाला स्कॅनरवर कळत नाही, त्यामुळे पोह्यावर घालायची ती पुडी दुकानाच्या बंद पॅकमध्ये चेक-इनला जाऊ द्या. मिरचीचं लोणचं हातात नाही. बाकी लोणची, तूप, तेल हे सगळं गळणारं सामान, डबल पिशवी, झाकणाला टेप, आणि खाली. सराफ्यातली रबडी किंवा आपली दाट दुधाची शिकंजी पॅक करून हातात घेऊन निघणारेही बघितलेत, कृपा करून ती इथेच प्या.

लिक्विडचं जरा नीट वाचा कारण इथे देशातलं आणि परदेशाचं वेगळं आहे. इंदूर-पुणे असेल तर पाण्याची बाटली सहसा जाऊ देतात. परदेशात जाताना मात्र 100 मिलीचा नियम लागतो, 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत लिक्विड स्फोटकं नेण्याचा कट पकडला गेला तेव्हापासूनचा. यात बाटली केवढी आहे ते बघतात, आत किती उरलंय ते नाही. 200 मिलीच्या बाटलीत तळाशी चमचाभर तेल असलं तरी ती बाटली गेली. सगळ्या छोट्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक झिपच्या पिशवीत बसायला हव्यात. आणि लिक्विड म्हणजे फक्त पाणी-तेल नाही, टूथपेस्ट, क्रीम, तूप, श्रीखंड, चटणी, जे पसरतं किंवा ओततं ते सगळं त्यातच. बाळाचं दूध आणि लागणारी औषधं याला सूट असते, पण औषधाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, इन्सुलिन असेल तर नक्कीच, आणि ते कधीही चेक-इनमध्ये टाकू नका.

इंदूरहून मुंबई किंवा दिल्लीला जाऊन पुढे परदेशात जाणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. इंदूरला पाण्याची बाटली गेली, मोठी क्रीमची ट्यूब गेली, म्हणून निवांत बसतात आणि मुंबईत इंटरनॅशनलला परत तपासणी होते तेव्हा सगळं डब्यात टाकावं लागतं. किलोचंही तसंच. लुफ्तान्साच्या इकॉनॉमीत हातात 8 किलो, एमिरेट्सला 7, ब्रिटिश एअरवेजला तर एका केबिन बॅगेला 23 किलोपर्यंत, पण तुमचं इंदूर-मुंबई वेगळ्या तिकिटावर असेल तर त्या 23 चा इथल्या काउंटरवर काही उपयोग नाही, इथे 7 म्हणजे 7. पूर्ण प्रवासात जो टप्पा सगळ्यात कडक आहे त्याच्या हिशोबाने भरा. आणि तिकीट एका कंपनीचं पण विमान दुसऱ्या कंपनीचं असंही असतं, तिकिटावर बारीक अक्षरात कोण उडवणार ते लिहिलेलं असतं. त्यांचे नियम वेगळे असू शकतात, दोघांचंही बघून घ्या.

पॉवर बँक. याच्याबद्दल लोक अगदी उलटं करतात, वजन कमी करायला म्हणून चेक-इनमध्ये टाकतात. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये, खाली कधीच नाही, कारण ही बॅटरी बिघडली तर स्वतःच तापत जाते आणि पेट घेते, वर असेल तर क्रूला दिसतं आणि विझवता येतं, खाली सामानात कुणाला कळणारही नाही. किती मोठी चालते ते वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्यावर धरतात, 100 वॉट-अवरपर्यंत सरळ, 100 ते 160 असेल तर एअरलाईनची परवानगी, त्यावर नाहीच. पॉवर बँकवर एमएएच लिहिलेलं असतं, त्याला 3.7 ने गुणा आणि हजाराने भागा. 10,000 वाली 37 झाली, 20,000 वाली 74, दोन्ही चालतात, 30,000 वाली 111 होते म्हणजे परवानगी लागेल. वरचा आकडा पुसला गेला असेल तर घेऊच नका, आकडा दिसत नसेल तर काढून ठेवू शकतात. 2025 च्या जानेवारीत दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उडायच्या आधीच वरच्या कप्प्यातून आग लागून जळलं, तपासात संशय पॉवर बँकवर आला. म्हणून ती वरच्या कप्प्यात बॅगेत ठेवू नका, पायाशी किंवा सीटच्या खिशात, दिसेल अशी ठेवा आणि विमानात तिने फोन चार्ज करत बसू नका.

सिक्युरिटीच्या लाईनमध्ये लॅपटॉप, टॅब, पॉवर बँक वेगळ्या ट्रेमध्ये काढायला सांगतात. म्हणून बॅग भरताना हे सगळं सगळ्यात वर ठेवा, आणि चार्जरच्या वायरींचा गुंता एका पाऊचमध्ये घाला, स्कॅनरवर वायरींचा गोळा दिसला की बॅग उघडायला लावतात. चिल्लर, चाव्या, घड्याळ जॅकेटच्या खिशात टाकून जॅकेटच ट्रेमध्ये ठेवलं की काही विसरत नाही. चांदीची मूर्ती किंवा दागिने असतील तर ते हातातच ठेवा पण एका डब्यात, विचारलं तर पटकन दाखवता येतील असे.

आणि एक शेवटचं, छोट्या शहरांच्या फ्लाइटसाठी. काही रूटवर पंख्याचं छोटं एटीआर विमान असतं, त्याचे वरचे कप्पे लहान असतात, आणि बॅग 7 किलोच्या आत आणि मापात असली तरी ट्रॉली तिथे बसत नाही. मग विमानाच्या शिडीपाशीच टॅग लावून ती घेतात आणि खाली सामानात टाकतात. मोठ्या विमानातही कप्पे भरले की हेच करतात. त्या गडबडीत लोक बॅग देऊन मोकळे होतात आणि पॉवर बँक, औषधं, दागिने, घराच्या किल्ल्या, सगळं तिच्यातच राहतं. म्हणून हे सगळं पहिल्यापासून एका छोट्या कापडी पिशवीत घालून ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात ठेवा, टॅग लावायला कुणी पुढे आलं की पिशवी उचला, ट्रॉली द्या आणि टॅगचा तुकडा हातात घेतल्याशिवाय शिडी चढू नका.