म्युकरमायकोसिसच्या ('काळी बुरशी' या आजाराच्या) निदानासाठी ऊतीची पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी) चाचणी कशी करावी

सायनसमधून काढलेल्या ऊतीचे शस्त्रक्रियागृहातच दोन भाग करावेत: एक फॉर्मॅलिनमध्ये बायोप्सीसाठी आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमुळे डीएनएचे तुकडे होतात, म्हणून दुसऱ्या भागाला त्याचा थेंबही लागू देऊ नये. याच भागातून केओएच तपासणी (पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहणे) आणि कल्चरसाठी (प्रयोगशाळेत बुरशी वाढवण्यासाठी) थोडी ऊती घ्यावी. कल्चरची ऊती मात्र वाटू नये, बारीक चिरावी, कारण म्युकरचे रुंद, जवळजवळ पडदे नसलेले तंतू वाटताना फुटून मरतात.

खरी कसोटी डीएनए काढताना लागते. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असल्याने केवळ नेहमीच्या किटवर विसंबू नये. प्रोटिनेज-के (प्रथिने तोडणारे विकर) घालून 56 अंश सेल्सिअसला ऊती विरघळवावी आणि नंतर काचेच्या मण्यांसह ती यंत्रात जोरात हलवावी.

पुढे आयटीएस-1 व आयटीएस-4 प्रायमर (बुरशीच्या डीएनएचा ठरावीक भाग पकडणारे छोटे डीएनए-तुकडे) वापरून पीसीआर करावी आणि मिळालेल्या डीएनएचे सिक्वेन्सिंग (त्याचा क्रम वाचून बुरशी ओळखणे) करावे. बुरशीचे बीजाणू हवेतही असतात, त्यामुळे ऊती न घातलेली एक नळी सुरुवातीपासून सोबत चालवणे अनिवार्य समजावे. चाचणी नीट चालली का हे कळण्यासाठी मानवी जनुकाचीही पीसीआर करावी. तीही अपयशी ठरली, तर अहवाल 'निगेटिव्ह' न देता पीसीआर रोखणारे पदार्थ कमी व्हावेत म्हणून डीएनए दहापट विरल करून चाचणी पुन्हा करावी.

अस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर चालणारे व्होरिकोनाझोल हे औषध म्युकरवर निष्प्रभ ठरते, म्हणून ही ओळख मोलाची आहे; तरीही दाट संशय असल्यास अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांनी अँफोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध सुरू करावे.