परसदारी पाखरांचे पाणवठे

पितृपक्षात कावळ्याला वाडी ठेवणाऱ्या कोकणातल्या घराला पक्षी मुद्दाम बोलवावे लागत नाहीत. ते परसदारी थांबावेत आणि निवांत पाहता यावेत, एवढीच सोय करायची असते. माझ्या अनुभवात त्यासाठी दाण्यांपेक्षा पाणी अधिक उपयोगी पडते, कारण दाणे मोजकेच पक्षी खातात, पण चैत्रात विहिरीने तळ गाठला की तहान सगळ्यांनाच लागते.

पाण्यासाठी खरबरीत, पसरट मातीची थाळी घ्यावी. पाणी दोन इंचांहून खोल नसावे. असल्यास मध्ये जांभ्याचा तुकडा ठेवावा. जागा मात्र विचारपूर्वक निवडावी. पहिल्या वर्षी मी थाळी सावलीसाठी जास्वंदीच्या बुंध्याशी ठेवली होती. झुडपाआड दबा धरून बसलेल्या मांजराने आंघोळ करणारा बुलबुल उचलला, आणि भिजलेल्या पिसांनी पाखराला चटकन उडता येत नाही हे मला फार उशिरा कळले. तेव्हापासून थाळी वईपासून, म्हणजे कुंपणापासून, सहा-सात फूट दूर, उघड्यावर असते: मांजर येताना दिसते आणि पाखराला फांदीही जवळ सापडते. थाळी रोज सकाळी नारळाच्या सोडणाने, साबण न लावता घासून पाणी बदलावे, नाहीतर त्यात डास होतात.

दाण्यांचे तबक पडवीत, पागोळ्यांपासून आत टांगावे. तांदळाच्या कण्या, नाचणी किंवा वरी एका दिवसात संपेल एवढीच घालावी आणि पावसाळ्यात ती बंदच ठेवावी, कारण ओल्या दाण्याला बुरशी धरते. फरसाण आणि पाव कधीही घालू नये. कबुतरांचे थवे उतरू लागले तर दाणे थांबवावेत. पिकलेली पपई चिरून फांदीला अडकवली तर बुलबुल आणि कोकीळ येतात. शिंजिरासाठी साखरेचे पाणी ठेवण्याची गरज नाही; जास्वंद लावावी. तो पुष्कळदा फुलाच्या तोंडाशी न जाता देठाजवळ चोचीने भोक पाडून मध पितो, हे हातभर अंतरावरून पाहता येते.

दयाळ आणि सातभाई यांना तबकाचे फारसे आकर्षण नसते. त्यांना पातेऱ्यातले, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांतले, किडे हवे असतात. म्हणून आगरातला सगळा पातेरा जाळू नये, थोडा माडांच्या आळ्यांत ओढून ठेवावा, आणि तिथे कीटकनाशक फवारू नये.

पाहण्यासाठी सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. रोज त्याच जागी, त्याच वेळी, हालचाल न करता बसावे. आठवडाभरात पाखरे आपल्याला गृहीत धरतात. दुर्बीण घ्यायची असल्यास ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. वहीत केवळ नाव न लिहिता पक्षी काय करत होता तेही लिहावे. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीचे असेच चिकाटीने निरीक्षण केले, आणि मादीने अर्धवट बांधलेले घरटे पसंत केल्यावर तोच नर पुढे दुसरे घरटे बांधायला घेतो, ही गोष्ट उलगडली.

घरापासून आणि वाटेपासून दूर असलेला, शेंडा मेलेला माड लगेच तोडू नये. त्याच्या ढोलीत दयाळ घरटे करतो. तिथे ये-जा दिसू लागली की पिल्ले उडून जाईपर्यंत जवळ जाऊ नये आणि फोटोसाठी शिडीही लावू नये.