एमसीबी पडला नाही म्हणून निश्चिंत राहू नका: उपकरणांना आग लावणाऱ्या या चुका टाळा

घरात आग लागली की कारण म्हणून पटकन सांगितलं जातं, "शॉर्ट सर्किट झालं." पण शॉर्ट सर्किट हा अनेकदा गोष्टीचा शेवट असतो. त्याआधी कित्येक दिवस किंवा आठवडे एखादा सांधा तापत असतो. वायरचं आवरण कडक होतं, काळं पडतं, त्याला तडे जातात. मग एक दिवस फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी वायर) एकमेकांना चिकटतात आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा बोर्डातला स्विच, पडतो. तोवर शेजारच्या प्लास्टिकने पेट घेतलेला असू शकतो. म्हणून खरी काळजी घ्यायची ती या तापण्याच्या काळात, आणि नेमक्या त्याच काळात बोर्डातली संरक्षक साधनं गप्प असतात.

चूक: ढिला प्लग "चालतोय ना" म्हणून वापरत राहणं

२००० वॅटचा हीटर किंवा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. सॉकेटमधली पत्ती ढिली झाली आणि त्या सांध्याला जेमतेम ०.३ ओहम रोध आला, तर तिथे किती उष्णता तयार होते? प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळपास २३ वॅट. वाटाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या बंद खोक्यात, एक छोटं सोल्डरिंग आयर्न सुरू ठेवल्यासारखंच हे आहे.

आता हेच एमसीबीच्या बाजूने पाहा. सर्किटमध्ये रोध वाढला, म्हणजे प्रवाह वाढलेला नाही, उलट किंचित कमीच झाला आहे. एमसीबीला तक्रार करायला काहीच कारण नाही. बोर्डातलं दुसरं संरक्षक साधन म्हणजे आरसीसीबी. तो बघतो ती गळती, म्हणजे फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतोय का, एवढंच. ढिल्या सांध्यात गळती नसते, त्यामुळे तोही पडत नाही. दोन्ही साधनं उत्तम स्थितीत असूनही सॉकेट वितळू शकतं. हे एकदा नीट लक्षात आलं की आपण बोर्डावर विसंबून न राहता प्लगला हात लावून बघायला लागतो.

हा बिघाड आपोआप बरा होत नाही, वाढतच जातो. तापलेल्या पत्तीचा ताण जातो, पकड आणखी सैल होते. धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो आणि उष्णता आणखी वाढते.

तपासणी सोपी आहे. जास्त वॅटचं उपकरण अर्धा तास चालू द्या. मग आधी उपकरण आणि स्विच बंद करा आणि हाताच्या मागच्या बाजूने प्लग, सॉकेटचा पृष्ठभाग आणि केबल चाचपून बघा. कोमट लागलं तर ठीक. बोट काही सेकंदही टेकवून ठेवता येत नसेल, तर ते उपकरण तिथे पुन्हा लावू नका. प्लग काढून पिना नीट बघा. एकच पिन काळवंडली असेल, तर सॉकेटमधली त्याच बाजूची पत्ती सैल आहे. पिना स्वच्छ आणि गार, पण केबल प्लगमध्ये शिरते तिथे तापलेली असेल, तर प्लगच्या आतला स्क्रू ढिला आहे किंवा वायरचे काही तंतू तुटले आहेत. केबल पूर्ण लांबीभर गरम असेल, तर ती त्या लोडला बारीक पडतेय.

नाकावरही भरवसा ठेवा. काही प्रकारच्या स्विच-सॉकेटचं प्लास्टिक तापलं की मासळीसारखा वास येतो. स्वयंपाकघरात किंवा बाथरूमजवळ कारण नसताना असा वास येत असेल, तर आधी सॉकेट तपासा. सॉकेटच्या छिद्राभोवती तपकिरी कडं, बारीक चरचर आवाज, प्लग हलवला की दिवा लुकलुकणं, या सगळ्यांचा अर्थ एकच.

इथे दुरुस्तीतही एक चूक सर्रास होते. जळका प्लग बदलतात आणि सॉकेट तेच ठेवतात. सैल पत्ती नव्या प्लगची पिनही काही दिवसांत जाळते. जळकी पिन नव्या सॉकेटची तीच गत करते. दोन्ही एकदमच बदला. वायर काळी, कडक झाली असेल तेवढी कापून आत चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा. प्लग भरताना वायरचे सगळे तंतू पीळ देऊन स्क्रूखाली गेले पाहिजेत. अर्धे तंतू कापून वायर "बसवणं" म्हणजे तिची जाडी अर्धी करणं. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकांना सोल्डर लावू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतो आणि घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो. केबलची पकड बाहेरच्या जाड आवरणावर बसू द्या, आतल्या वायरींवर नको. अर्थिंगची वायर बाकी दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबलला हिसका बसला तरी ती सर्वांत शेवटी निघेल. झाकण लावण्याआधी प्रत्येक वायर ओढून बघा.

भिंतीतलं सॉकेट, बोर्ड किंवा वितरण पेटी उघडायची असेल, तर ते काम मेन बंद करून जाणत्या वायरमननेच करावं. तापणं आणि गार होणं याच्या चक्रात स्क्रू सैल होतात, म्हणून वर्षातून एकदा गीझर आणि एसीच्या जोडण्या आवळून घेणं फायद्याचं असतं.

चूक: एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवणं

एमसीबी उपकरणाला नाही, भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. वायर तीच ठेवून १६ अँपिअरच्या जागी ३२ चा बसवला, तर आता वायर तापली तरी तो पडणार नाही. फ्यूजमध्ये जाड तार भरणं ही याच चुकीची जुनी आवृत्ती.

शिवाय १६ अँपिअरचा एमसीबी १६.१ वर लगेच पडतो, असंही नाही. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार नेमलेल्या प्रवाहाच्या १.४५ पट प्रवाह असेल, तर त्याने तासाभराच्या आत पडायचं असतं. म्हणजे १६ चा एमसीबी जवळपास २३ अँपिअर बराच वेळ वाहू देऊ शकतो. वायरची निवड आधीच काठावर असेल, तर तेवढा वेळ तिचं आवरण तापवायला पुरतो. नेहमीच्या पीव्हीसी आवरणासाठी तांब्याचं तापमान ७० अंशांच्या आत राहणं अपेक्षित असतं.

तो कधी पडतो यावरून कारण ओळखता येतं. स्विच लावताक्षणी पडला, तर शॉर्ट आहे. पंधरा-वीस मिनिटांनी पडत असेल, तर लोड जास्त आहे, किंवा एमसीबीचाच स्क्रू ढिला असून तिथली उष्णता आतल्या पट्टीला वाकवते आहे (ही पट्टी तापून वाकली की एमसीबी पडतो). आरसीसीबी पडत असेल, तर त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा, तो पुन्हा चढवा आणि एकेक उपकरण लावत जा. ज्याच्यावर पडेल त्यात गळती आहे. पाणी तापवणाऱ्या उपकरणांची एलिमेंट आतून फुटणं हे त्याचं नेहमीचं कारण. काहीच लावलेलं नसताना पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे. एकदा चढवून पुन्हा पडला, तर तिसऱ्यांदा चढवत बसू नका.

आरसीसीबीवरचं टेस्ट बटण तीन महिन्यांतून एकदा तरी दाबा. बटण दाबून तो पडत नसेल, तर तो बदलायला झाला आहे.

चूक: एक्स्टेन्शन बोर्डवर जड लोड

बोर्डवर चार सॉकेट आहेत म्हणजे चार सॉकेटचा लोड तो पेलेल असं नाही. आत एकच केबल असते. १० अँपिअरच्या बोर्डाची मर्यादा २३० व्होल्टवर २३०० वॅट. त्यावर १५०० वॅटची किटली आणि १२०० वॅटची इस्त्री एकत्र लावली की ती ओलांडली. उपकरणाच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्यांना व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. हा हिशेब एकदा मांडा आणि कागद बोर्डाला चिकटवून ठेवा.

हीटर, गीझर, एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन आणि फ्रिज थेट भिंतीतल्या सॉकेटलाच लावा. बोर्डात दुसरा बोर्ड लावू नका. गालिच्याखालून किंवा दाराच्या फटीतून केबल नेऊ नका. गुंडाळीच्या एक्स्टेन्शनवर मोठा लोड लावायचा असेल, तर केबल पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या अवस्थेत आतल्या थरांची उष्णता बाहेर पडत नाही आणि केबलची क्षमता निम्म्याहूनही खाली येऊ शकते. १६ अँपिअरचा जाड प्लग छोट्या सॉकेटात बसावा म्हणून मिळणारे कन्व्हर्टर घरातून काढूनच टाका.

फ्रिज, ड्रायर, मायक्रोवेव्ह

फ्रिज दिवसरात्र चालू असतो, तरी आपण त्याच्या मागे कधी डोकावत नाही. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ जणांचा जीव घेणारी आग चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रिज-फ्रीझरमधल्या विद्युत बिघाडातून सुरू झाली. ती इमारतभर पसरली ती बाहेरच्या ज्वालाग्राही आच्छादनामुळे, पण सुरुवात एका स्वयंपाकघरात झाली होती. फ्रिजच्या भिंतींतला फोम फार वेगाने पेटतो. म्हणून नवा घेताना मागची बाजू धातूच्या पत्र्याची आहे ना, हे फिरवून बघा. सहा महिन्यांनी प्लग काढून मागची आणि खालची धूळ काढा, भिंतीपासून माहितीपुस्तिकेत दिलेलं अंतर राखा, आणि केबल फ्रिजच्या पायाखाली चेपली जात नाही याची खात्री करा. दर काही मिनिटांनी "टक्" असा आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, तर रिले किंवा कॉम्प्रेसर बिघडला आहे, प्लग काढून ठेवा. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर६००ए हा ज्वलनशील वायू असतो. त्यामुळे बर्फ सुरीने खरवडू नका. नळीला छिद्र पडलं तर वायू बाहेर येतो.

कपड्यांच्या ड्रायरमधली लिंटची (कपड्यांच्या सुटलेल्या बारीक तंतूंची) जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ करा. तेल लागलेली फडकी धुतल्यावरही ड्रायरमध्ये टाकू नका. उरलेलं तेल उष्णतेने ऑक्सिडाइज होतं आणि ढीग करून ठेवलेले कपडे आपोआप पेटू शकतात. मायक्रोवेव्ह रिकामा चालवू नका.

लिथियम बॅटरी: इथे सर्वाधिक सावध राहा

मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, ई-सायकल, स्कूटर या सगळ्यांत आता लिथियम-आयन सेल असतात. आत बिघाड झाला की एक सेल तापतो, त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो आणि साखळी सुरू होते. बाहेर पडणारा वायू ज्वलनशील असतो आणि विषारीही. ही आग इतकी झपाट्याने वाढते की विचार करायला वेळ मिळत नाही.

म्हणून चार्जिंगची जागा महत्त्वाची. उशीखाली, गादीवर, सोफ्यावर कधीही नाही. फरशीवर किंवा कडक पृष्ठभागावर करा, आणि तेही तुम्ही जागे असताना. ई-सायकल किंवा स्कूटरची बॅटरी बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर, दाराजवळच्या पॅसेजमध्ये लावू नका, कारण पेटली तर सुटकेची वाटच बंद होते. चार्जर त्या बॅटरीसाठी दिलेलाच हवा. पिन बसते म्हणून व्होल्टेज जुळतं असं नसतं.

बॅटरी जोरात पडली किंवा पाण्यात भिजली, तर ती काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेटू शकते. फुगलेली, गळणारी किंवा बाजूला ठेवल्यावरही गरम होत असलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबून सरळ करू नका, टोचू नका. उघड्यावर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा संकलनातच द्या. कचऱ्याच्या डब्यात टाकली तर ती गाडीत चेपली जाऊन तिथे आग लावते.

दिवे अचानक प्रखर झाले तर

तीन फेज पुरवठ्यात न्यूट्रल तुटला की काही घरांत व्होल्टेज जवळपास ४०० पर्यंत चढू शकतं, काहींत एकदम खाली येतं. लक्षण ठळक असतं. दिवे डोळे दिपतील इतके प्रखर होतात, पंखे वेगाने फिरतात, अडॅप्टर गुणगुणतात. त्या क्षणी एकेक प्लग काढत बसू नका, थेट मेन बंद करा आणि वीजपुरवठा करणाऱ्यांना कळवा.

आग लागलीच तर

आधी वीज तोडा. स्विचपर्यंत हात सुरक्षित पोहोचत नसेल, तर मेन बंद करा. वीज चालू असेपर्यंत पाणी नाही. कार्बन डायऑक्साइड किंवा एबीसी पावडरचं अग्निशामक वापरा. घरगुती छोटं अग्निशामक साधारण ८ ते १० सेकंदच चालतं, त्यामुळे आधी पाठीमागे बाहेरचा रस्ता मोकळा आहे हे बघा, मग ज्वाळेच्या बुंध्यावर मारा. ते शेगडीशेजारी न टांगता दाराजवळ टांगा. पेटलेल्या शेगडीवरून हात घालून ते काढता येत नाही. मायक्रोवेव्हच्या आत आग दिसली, तर दार बंदच ठेवा आणि भिंतीवरचा स्विच बंद करा, हवा मिळाली नाही की ती विझते. कढईतल्या तेलाला आग लागली, तर शेगडी बंद करून झाकण ठेवा, पाणी मुळीच टाकू नका. लिथियम बॅटरीवर पावडर मारून ज्वाळा बसली तरी आतली उष्णता तिला पुन्हा पेटवते, म्हणून मोठी बॅटरी असेल तर विझवण्याच्या नादी लागू नका.

आग एका वस्तूच्या पलीकडे गेली किंवा धूर छातीच्या उंचीपर्यंत उतरला, की सगळ्यांना बाहेर काढा, जाताना खोलीचं दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला बाहेरून फोन करा. झोपण्याच्या खोल्यांबाहेर छतावर धूर-सूचक अलार्म असावा. त्याचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा आणि दहा वर्षांनी बॅटरीसकट अख्खा अलार्म बदला. विझवून झाल्यावर त्या सर्किटचा एमसीबी स्वतः चढवू नका. भिंतीतल्या वायरचं आवरण किती लांबपर्यंत भाजलं आहे हे बाहेरून दिसत नाही. वायरमनकडून इन्सुलेशन मोजून घेतल्यावरच वीज सुरू करा.