न्यूयॉर्कच्या प्रायमरीत या चुका टाळा: जूनचं मत फेब्रुवारीतच ठरतं

जूनचा चौथा मंगळवार. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात, एका शाळेच्या जिममधल्या मतदान केंद्रावर सकाळी सहा ते रात्री नऊ मी टॅबलेटवर मतदारांची नावं शोधत बसलेली असते. दर वेळी आपली काही माणसं समोर येतात. नाव यादीत असतं, पत्ता बरोबर असतो, नागरिकत्व मिळून वर्षं झालेली असतात, आणि तरीही प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचं बॅलट (मतपत्रिका) त्यांना देता येत नाही, कारण पक्षाचा रकाना कोरा असतो. न्यूयॉर्कची प्रायमरी 'बंद' प्रकारची आहे. ज्या पक्षात तुमची नोंद, त्याच पक्षाचा उमेदवार तुम्ही निवडायचा. नोंदच नसेल तर कोणाचाच नाही.

चूक पहिली: पक्षाचा रकाना कोरा सोडणं

याचं मूळ आपल्या सवयीत आहे. आपल्याकडे पक्षात नाव घालणं म्हणजे कार्यकर्ता होणं, वर्गणी भरणं, झेंडा धरणं. त्यामुळे नागरिकत्वाची शपथ घेऊन बाहेर आल्यावर हातात मतदार नोंदणीचा फॉर्म पडला की लोक तो रकाना सोडून देतात. 'कशाला उगीच शिक्का मारून घ्यायचा?'

इथे तसं काही नसतं. वर्गणी नाही, बैठका नाहीत, आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत वाटेल त्या पक्षाला मत देता येतं. ही नोंद फक्त प्रायमरीचं दार उघडते. क्वीन्सच्या बहुतेक भागात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीतच निकाल लागल्यासारखा असतो, नोव्हेंबरमध्ये शिक्कामोर्तब होतं. तिकीट पक्षश्रेष्ठी देत नाहीत, पक्षाचे नोंदलेले मतदार देतात. म्हणून कोरा रकाना ठेवणाऱ्याचा खरा निवडीचा हक्कच जातो, आणि दर वर्षी ते पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

चूक दुसरी: न्यू जर्सीच्या बहिणीचा सल्ला न्यूयॉर्कमध्ये वापरणं

2021 सालची गोष्ट. एक वहिनी सासूबाईंना घेऊन मतदानाला आल्या. दोघींची नोंदणी होती, पक्ष कोरा. मी तसं सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "असं कसं? माझ्या बहिणीने एडिसनला पंधरा दिवसांपूर्वी टेबलावरच पक्ष सांगितला आणि मत दिलं." त्या खरं बोलत होत्या. न्यू जर्सीत ज्याचा पक्ष नोंदलेला नाही, तो मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडू शकतो. आधीच एका पक्षात असेल आणि बदलायचा असेल तर मात्र तिथेही 55 दिवस आधी कळवावं लागतं. हडसन नदी ओलांडली की नियम बदलतो. पेनसिल्व्हेनियात तर तिसराच: प्रायमरी बंद, पण पक्ष बदलायला 15 दिवस आधीपर्यंत मुभा.

न्यूयॉर्कमध्ये पक्ष नोंदवायची किंवा बदलायची शेवटची तारीख 14 फेब्रुवारी. त्यानंतर दिलेला बदल बाजूला ठेवला जातो आणि जूनची प्रायमरी होऊन आठवडा उलटल्यावर लागू होतो. पूर्वी हे याहून कडक होतं. 2016 च्या एप्रिलमधल्या अध्यक्षीय प्रायमरीसाठी आदल्या ऑक्टोबरातच पक्ष ठरवावा लागला होता, आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्या इव्हांका आणि एरिक या मुलांनाही वडिलांना मत देता आलं नाही.

त्या दिवशी मी दोघींना ॲफिडेव्हिट बॅलट दिलं, म्हणजे पाकिटात बंद करून द्यायचं, पात्रता नंतर तपासली जाणारं मत, कारण मागणाऱ्याला ते द्यावंच लागतं. सासूबाईंनी चष्मा लावून पाकिटावरची प्रत्येक ओळ भरली, सही केली, कडा नीट दाबून पाकीट बंद केलं. मला माहीत होतं की ते मोजलं जाणार नाही. तसं त्यांना सांगितलंही. काही आठवड्यांनी निवडणूक बोर्डाचं पत्र आलं: मत अवैध, पक्षाची नोंद नाही.

तेव्हापासून माझा एकच नेम आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जिथे जाईन तिथे तिळगूळ दिला की फोन मागते आणि राज्याच्या संकेतस्थळावर त्या बाईची नोंद उघडून पक्षाची ओळ दाखवते. संक्रांत ते 14 फेब्रुवारी बरोबर महिनाभर मिळतो. काहींना हा आगाऊपणा वाटतो, वाटू दे. पत्ता बदललेला असेल तर तोही तेव्हाच दुरुस्त होतो.

अगदी पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्याला मात्र प्रायमरीच्या 10 दिवस आधीपर्यंत पक्षासकट नोंदणी करता येते. 'माझ्या भाच्याने जूनमध्ये केलं' असं कोणी म्हणालं तर तो भाचा नवा मतदार होता, तुम्ही नाही.

चूक तिसरी: 'इंडिपेंडंट' शब्दावर भुलणं

कोणत्याच पक्षाचं नसणं आणि 'इंडिपेंडन्स पार्टी'चं असणं यात फरक आहे. 2020 पर्यंत न्यूयॉर्कच्या फॉर्मवर त्या नावाचा खराखुरा पक्ष होता, आणि 'आपण स्वतंत्र' असं समजून लोक त्यावर खूण करत. फॉर्म शब्दन् शब्द वाचा.

चूक चौथी, उमेदवारांची: सह्या म्हणजे गर्दी समजणं

यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण उत्साही नवखे इथेच घात करून घेतात.

प्रायमरीत नाव छापून यायला पिटिशनवर, म्हणजे उमेदवारीच्या अर्जावर, मतदारांच्या सह्या लागतात. शहराच्या सिटी कौन्सिलसाठी 450, राज्याच्या असेंब्लीसाठी (विधानसभेसाठी) 500, काँग्रेस म्हणजे देशाच्या संसदेसाठी 1250. सही करणारा त्याच पक्षात नोंदलेला आणि त्याच मतदारसंघात राहणारा हवा. एका जागेसाठी माणसाने एकाच उमेदवाराला सही द्यायची. दोघांना दिली तर आधीच्या तारखेची धरतात. सह्यांचा काळ फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची सुरुवात, म्हणजे नेमका गुढीपाडव्याचा.

काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका तरुण उमेदवाराच्या मंडळींनी पाडव्याचा कार्यक्रम गाठला. सभागृह भरलेलं, सगळे आपले, सगळ्यांना कौतुक. दुपारभरात 230 सह्या. घरोघरी हिंडून महिनाभरात झाल्या होत्या 380. मी म्हटलं, आज रात्री प्रत्येक नाव यादीशी ताडून बघा. "ताई, वेळ नाही, एकूण 610 झाल्या, दीडशेने वर आहोत."

पाडव्याला आलेल्यांत निम्मी मंडळी न्यू जर्सी आणि लाँग आयलंडची होती. उरलेल्यांत कोणी शेजारच्या मतदारसंघातले, कोणाचा पक्ष कोरा, कोणी तारीख घातली नव्हती. एका काकांची नोंदणीवरची सही देवनागरीत होती आणि पिटिशनवरची इंग्रजीत. शिवाय दोन पानांवर साक्षीदार म्हणून सही करणारा मुलगा, सह्या चालू असताना श्रीखंड-पुरीच्या रांगेत उभा होता. ती पानं मी हट्टाने काढून टाकायला लावली. प्रत्येक सही आपल्या समोर झाली, असं साक्षीदार लिहून देतो. ते खोटं असेल तर तो गुन्हा आहे.

प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतली. पिटिशन दाखल झाल्यावर हरकत नोंदवायला तीन दिवस असतात, मग तपशील द्यायला सहा. शेवटी वैध सह्या उरल्या 411. त्या उमेदवाराचं नाव बॅलटवर आलंच नाही.

माझी पद्धत सांगते. मतदारयादी हातात घेऊन, फक्त पक्षाच्या मतदारांची दारं वाजवायची, लागतात त्याच्या तिप्पट सह्या घ्यायच्या आणि रोज रात्री जेवणाआधी त्या तपासायच्या. मॉलबाहेर, मंदिराबाहेर, कार्यक्रमात मी सह्या घेत नाही. ज्याला दारं वाजवायचा कंटाळा आहे, त्याने उभं राहायची घाई करू नये.

उरलेल्या

ज्या पक्षात तुम्ही नाही, त्याच्या प्रायमरीत उभं राहायला त्या पक्षाच्या समितीची लेखी परवानगी लागते. हा विल्सन-पाकुला कायदा 1947 पासून आहे. सह्या गोळा झाल्यावर तो कळून उपयोग नाही.

शहराच्या पदांच्या प्रायमरीत 2021 पासून पाच उमेदवारांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. एकाच नावाला पाचही क्रमांक दिल्याने मत जड होत नाही, एकदाच मोजलं जातं.

मतदान एकाच दिवशी असतं असं समजू नका. आधी नऊ दिवस केंद्रं उघडी असतात, पण लवकर मतदानाचं केंद्र वेगळं असू शकतं.

ग्रीन कार्डवर असाल तर नोंदणीचा फॉर्म भरूच नका, वाहन परवान्याच्या खिडकीवर कोणी पुढे सरकवला तरीही. नागरिकत्वाचा अर्ज त्यामुळे अडकू शकतो.